यादी नको, एकच सांग

आजचा एपिसोड छोटा आहे. एक सिनेमा, एक आल्बम, एक पुस्तक. बास. कारण यादी मागणारे खूप असतात आणि त्यातलं प्रत्यक्ष काही बघणारे फार कमी. ‘मस्ट वॉच पन्नास’चे स्क्रीनशॉट तुमच्याही गॅलरीत पडलेले असतील, लाइट बिलाच्या फोटोखाली कुठेतरी.

आमचा कॉलेजपासूनचा पाच जणांचा ग्रुप आहे. तिथे आम्ही एक नियम केलाय. एका वेळी एकच गोष्ट सुचवायची आणि ती कोणासाठी आहे, ते नाव घेऊन सांगायचं. ‘सगळ्यांनी बघा रे’ चालत नाही. शिवाय कंटाळा कुठे येईल तेही आधीच सांगून टाकायचं.

आता कोणी म्हणेल, ॲप सुचवतंच की सगळं. माझं काम कोड लिहिण्याचं, म्हणून जरा आतलं सांगतो. या सिस्टिम्सचा एक मोठा आधार म्हणजे कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग. तुमच्यासारख्या लोकांनी अमुक बघितलं, त्यांनी तमुकही बघितलं, मग ते तुमच्यासमोर ठेवा. सरळ हिशोब. पण जी गोष्ट मुळात फार लोकांनी बघितलेलीच नाही, तिच्याबद्दल हिशोब करायला आकडेच नसतात. याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. आपल्या मराठीतल्या कितीतरी चांगल्या गोष्टी तिथेच अडकतात. त्या पुढे सरकतात त्या कोणीतरी कोणाला तरी सांगितल्यामुळे. आणि तुमचा गेला आठवडा कसा गेला, हे मित्राला माहीत असतं. ॲपला नाही.

तर सिनेमा. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’. 2020 साली व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचं बक्षीस मिळालं, 2021 ला नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर हा शास्त्रीय संगीत शिकणारा मुलगा. मेहनती, प्रामाणिक, गुरूंची सेवा करणारा. प्रश्न एवढाच, की तो खरंच चांगला गातो का? सिनेमा या प्रश्नावरून नजर हलवत नाही. शरद रात्री मोकळ्या रस्त्यावर बाइक चालवतो आणि कानात माईंची जुनी रेकॉर्ड केलेली भाषणं चालू असतात. माई आपल्याला भेटतात त्या आवाजातूनच. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. शरदचं काम करणारा आदित्य मोडक स्वतः गायक आहे आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे किशोरीताई आमोणकरांचे शिष्य. म्हणून गाणं खोटं वाटत नाही.

कंटाळा कुठे येईल? मैफिली लांब आहेत, कॅमेरा फारसा हलत नाही. तेव्हा फोन उलटा ठेवा. आणि अप्रेझलच्या आठवड्यात बघू नका, अगदी सिरियसली सांगतोय. ‘आपण ॲव्हरेज आहोत का’ हा प्रश्न ज्याच्या डोक्यात आधीच घोळतोय, त्याला हा सिनेमा फार जवळून लागतो.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचा एमपीएससीचा चौथा प्रयत्न चालू आहे. बाकी चौघांनी ‘द डिसायपल’ बघितला, त्याला मी नाही सांगितला. त्याला कुमार गंधर्व सांगितले.

‘त्रिवेणी’ नावाचा आल्बम आहे. कबीर, सूरदास, मीरा. कुमारजी लहानपणीच गाजलेले गायक. ऐन पंचविशीच्या आत क्षयरोग झाला. हवा चांगली म्हणून देवासला गेले आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. एकदोन महिने नाही, काही वर्षं. विचार करा, ज्याला दुसरं काही करायचंच नव्हतं, त्याला गुणगुणायलाही बंदी. पडल्या पडल्या कानावर काय येत होतं? माळव्याची लोकगीतं, रस्त्यावरून जाणाऱ्या फिरस्त्यांची भजनं. बरे होऊन परत गायला लागले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं होतं. लांब दमाच्या ताना जमेनात, तर छोटे, धारदार तुकडे आले. मध्येच शांतता. पुन्हा एक तुकडा. लोक आज ज्याला कुमारजींची शैली म्हणतात, त्यात या आजारपणाचा मोठा वाटा आहे. आणि माळव्यात ऐकलेल्या धुनांमधून त्यांनी नवे राग बांधले, ते 1965 च्या ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात आहेत.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. तानपुरे गायब होतात आणि मग ती शांतता रिकामी वाटते. हेडफोन लावा, लोकलमध्येही चालेल.

त्या मित्राचा रात्री दोनला मेसेज आला, ‘हा माणूस श्वास कुठे घेतो रे?’ एवढाच. अभ्यासाबद्दल त्याने काही लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

पुस्तक झटपट सांगतो, कारण नाव तुम्ही ऐकलेलं असणार. भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’, 1963. लिहिणारा पंचविशीतला, सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतला. खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, उधळपट्टी, नापास, परत गाव. खूप जण पहिल्या पन्नास पानांत सोडतात, कारण ‘गोष्ट कुठेय?’ असं वाटतं. गोष्ट शोधू नका, बोलणं ऐका. मी तर काही पानं मोठ्याने वाचली, रूममेटला आधी हसू आलं, मग तो येऊन बसला. मणीचा भाग येईल तेव्हा मात्र एकटे असा. बहिणीच्या मृत्यूवर इतकं कोरडं आणि इतकं भयंकर मी मराठीत दुसरं वाचलेलं नाही. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थांबा. पुस्तक साठ वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल.

आता तुमची पाळी. पुढच्या एपिसोडसाठी एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. एकच गोष्ट, कोणासाठी, आणि ती कोणाला सांगायची नाही तेही. यादी आली तर मी फक्त पहिलं नाव वाचणार आहे. चला, भेटू.