पैसे वेगळे, भेट वेगळी

(गास येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी नालासोपारा स्टेशनवर उतरले तेव्हा पाय क्षणभर अडखळले. तीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीला तिचा बाप याच स्टेशनवर दर दुसऱ्या रविवारी भेटायचा. मुलगी पाच वर्षांची होती. कोर्टाने तिला महिना तीनशे रुपये लावून दिले होते. त्या काळी कलम 125 खाली पाचशेच्या वर मिळतच नसे. ही मर्यादा 2001 साली गेली. तर ते तीनशेही चार महिने आले नाहीत. मग एका रविवारी मी पोरीला नेलेच नाही. पैसे नाहीत तर पोरही नाही! ती नवा फ्रॉक घालून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होती.

संघटनेतल्या मैत्रिणींनी तेव्हा माझी पाठ थोपटली. पुढे मीही दोघीतिघींना हाच सल्ला दिला. तो चुकला, हे आज तुमच्यासमोर कबूल करते.

कसा चुकला ते सांगते. पोरगी माझ्या ताब्यात आहे, तो झक मारत पैसे देईल, या भरवशावर मी वसुलीचा अर्जच केला नाही. कायदा असा की, हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. माझे ते महिने बुडाले. वर त्याला कोर्टात बोलायला तोंड मिळाले, 'ही भेटू देत नाही.'

खरे तर 'आधी भेट, मग पोटगी' अशी अट त्या कलमात कुठेच नाही. पोटगी मुलाची आहे आणि भेटही मुलाची आहे. बाप पैसे थकवतो तेव्हा वसुलीचा अर्ज करा. दर महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली कुलदीप कौर प्रकरणात सांगितले आहे. बाप दारू पिऊन येतो, मारतो, पोर घाबरते, तर भेट थांबवण्याचा अर्ज करा. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 त्यासाठीच आहे. पण मनानेच भेट बंद करू नका. आपल्याला राग नवऱ्याचा असतो, ओट्यावर पोर बसते.

कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. आकडा बदलला, हक्क तोच.

आता गासचे. इथल्या पुष्कळ बहिणी ख्रिस्ती आहेत. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवले की सगळे मिटले, असे बऱ्याच जणी धरून चालतात. त्या निवाड्याने सरकारी कायद्यात घटस्फोट होत नाही, आणि मुलाचा ताबा, शाळेचा खर्च तर त्यात ठरतच नाही. त्यासाठी कोर्टातच जावे लागते. 1869 च्या घटस्फोट कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली. दावा चालू असताना मुलांच्या खर्चासाठी केलेला अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्यात आले.

दुसरी अडचण मिळकतीची. वाडीतल्या फुलांचा, केळ्यांचा पैसा कुठल्या पगारपत्रकावर येतो? चाळीच्या भाड्याचा तरी येतो का? नवरा कोर्टात सांगतो, 'मी बेकार आहे.' 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले. तो खोटे लिहील, तर तुम्ही सातबारा काढून ठेवा. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज लांबवू नका.

वकील ताई आज चारपर्यंत थांबणार आहेत. आदेशाची नक्कल आणि कुठला हप्ता कधी आला त्याची वही घेऊन या. ज्यांच्या थकलेल्या हप्त्याला वर्ष होत आले आहे त्यांना आधी बसू द्या.