शिवणाची आणि इस्त्रीची जागा

१८५१ सालीं आयझॅक सिंगर यांनीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें तें यंत्र घरोघरीं आलें खरें, परंतु चाळींतल्या दोन खोल्यांत त्याच्या वांट्यास बहुधा दाराआडचा काळोखच येतो.

त्याला खिडकी द्यावी, आणि तीही डाव्या अंगाची. म्हणजे उजव्या हाताची सावली टांक्यावर पडत नाहीं. सुई यंत्राच्या डाव्या टोंकास असते, तेव्हां बसावयाचें तें यंत्राच्या मध्यासमोर नव्हे, सुईसमोर. श्रोत्या भगिनींना हें क्षुल्लक वाटेल. पण पाठदुखीचें मूळ पुष्कळदां शिवणांत नसून स्टुलांत असतें.

इस्त्री हाताशींच हवी. कसलेला शिंपी एक शिवण घातली कीं ती दाबून घेतो, मगच दुसरीस हात घालतो. कंबरेइतक्या उंच टेबलावर घोंगडी व वर सुती चादर, एवढ्यानें काम भागतें. विजेच्या इस्त्रीस मात्र अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लगच पाहिजे. दिव्याच्या होल्डरमधून तिला वीज देणें हा घराशीं खेळलेला जुगार होय. तार टेबलाखालीं लोंबती ठेवूं नये. रांगतें मूल प्रथम तीच ओढतें, आणि तापलेली इस्त्री तिच्यामागून येते.