अंथरुणातील तीन आठवडे



आजच्या व्याख्यानाचा विषय व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र असा जाहीर झाला आहे. त्यावरून दंड-बैठका कशा काढाव्यात हे आम्ही सांगणार, अशी कोणाची समजूत झाली असेल तर ती सोडून द्यावी. ते काम तालमीतले वस्ताद आमच्यापेक्षा चांगले करतात. विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत हे शास्त्र शिकवितात तेव्हा व्यायाम हे शरीराची परीक्षा पाहण्याचे साधन असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय आपल्या ताकदीविषयी फारसे काही सांगत नाही. त्याला धाप लागेपर्यंत पळविले म्हणजे ते बोलू लागते.

म्हणून विद्यार्थी फिरत्या पट्ट्यावर चढतो. नाकाला चिमटा, तोंडात नळी. सोडलेला श्वास गोळा करून त्यातील प्राणवायू मोजतात. पट्ट्याचा वेग नि चढ वाढवीत नेले, की प्राणवायूचा खपही वाढत जातो. पण बहुधा एक वेळ अशी येते, की वेग वाढला तरी खप वाढत नाही. ही त्या शरीराची कमाल मर्यादा. ए. व्ही. हिल आणि लप्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२३ साली ही कल्पना मांडली, आणि पाठीवर पिशवी बांधून धावणाऱ्यांत हिल स्वतःही होते.

खालच्या वर्गात हा आकडा काढावयास शिकवितात. वरच्या वर्गात तो कशाने ठरतो हे विचारतात. अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० मध्येच त्याची किल्ली देऊन ठेवली होती. रेल्वेने किती माल पोचविला हे दोन गोष्टींवरून ठरते: गाड्या किती सुटल्या आणि प्रत्येक गाडीतून किती माल उतरला. तसेच शरीराचे. हृदयाने मिनिटाला किती रक्त फेकले, आणि त्या रक्तातून स्नायूंनी किती प्राणवायू उतरवून घेतला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण खप. सूत्र एवढेच; पण माणूस थकला की खोट गाड्यांत आहे की उतरवून घेणाऱ्या हमालांत, हे त्यावरून शोधता येते.

हा शोध कुठवर नेतो याचे आमच्या मते सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील डॅलस येथले आहे. तेथील वैद्यकीय विद्यालयात १९६६ साली स्वीडनचे बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणात ठेवले. दोघे व्यायामपटू, तिघे बैठ्या सवयीचे. औषध नाही, आजार नाही. फक्त पडून राहणे. (असे काम आपल्यातील पुष्कळांना मोठ्या सुखाचे वाटेल!) उठविल्यावर पट्ट्यावर पाहिले, तो प्राणवायूचा कमाल खप सरासरीने मिनिटाला ३.३ लिटरवरून सुमारे २.४ लिटरवर आलेला. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक ताकद गेली.

आता फिकचा प्रश्न. स्नायू रक्तातून प्राणवायू घेत होते तो जवळजवळ पूर्वीइतकाच. घट झाली ती गाड्यांत. हृदयाचे ठोके कमी पडले नव्हते. प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त कमी झाले होते. आडवे राहिल्याने रक्तातील द्रवाचा अंश घटतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि जे भरलेच नाही ते हृदय फेकणार कोठून? आजारातून उठलेला माणूस जिन्याच्या चार पायऱ्यांवर धापा टाकतो तेव्हा आपण ‘आजाराने खाल्ले’ म्हणतो. त्यातले काही आजाराने खाल्लेले असते, काही अंथरुणाने.

पुढे आठ आठवडे या तरुणांना कसून व्यायाम दिला. गेलेले परत आले. बैठ्या सवयीचे तिघे तर पहिल्यापेक्षाही पुढे गेले. कसलेल्या दोघांना मात्र मूळ जागी यावयास अधिक दिवस लागले. ज्याच्याजवळ जास्त असते त्याचे भरून यावयासही जास्त लागते.

त्या काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे हलूही देत नसत. बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२ मध्येच अशा रुग्णांना खुर्चीत बसवावे असे लिहिले होते. (यांतील लाऊन यांनी पुढे अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांची संघटना काढण्यात पुढाकार घेतला, आणि १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्या संघटनेस मिळाले.) डॅलसच्या आकड्यांनी या मताला शरीरक्रियेचा आधार दिला. मोडलेल्या हाडास वा तीव्र तापास विश्रांती हवीच, आणि ती किती हे डॉक्टरांनी ठरवावे. पण बरे होऊ लागलेल्या आजीला मायेने ‘उठू नको’ म्हणणाऱ्या घरात हे आकडे माहीत असावेत, असे आम्हांस वाटते.

पाचच माणसे, तीही सारी तरुण पुरुष, एवढ्यावरून केवढे अनुमान काढावे असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण ही पाच माणसे पुन्हा हाती लागली, आणि येथे गोष्ट अधिकच रंजक होते. १९९६ मध्ये पन्नाशीला आलेल्या त्याच पाचजणांना पुन्हा पट्ट्यावर चढविले. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० वर गेलेले, चरबीचे प्रमाण दुप्पट. तरी कमाल खप घटला होता तो ३.३ वरून २.९ लिटर. तीस वर्षांच्या वयाने जे नेले त्याच्या दुपटीहून अधिक त्या तीन आठवड्यांनी नेले होते! शिवाय या वेळी खोट दुसऱ्या बाजूस होती. हृदय मिनिटाला पूर्वीइतकेच रक्त फेकत होते. माल उतरवून घेणारे स्नायू ढिले पडले होते. सहा महिने बेताचा व्यायाम दिल्यावर त्यांनीच हात चालविला, आणि पन्नाशीतील सरासरी विशीतील मूळ आकड्यावर, ३.३ लिटरवर, येऊन टेकली. विशीत आठ आठवडे कसल्यानंतर जे शिखर गाठले होते तेथे मात्र एकही पोचला नाही.

आणखी दहा वर्षांनी, साठीला पोचल्यावर, त्यांना पुन्हा तपासले. एकूण घट २७ टक्के भरली. अंथरुणाने विशीत २६ टक्के नेले होते. त्याची बरोबरी करावयास वयाला चाळीस वर्षे लागली.