हेस्टरला काय हवं होतं?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



टाकलेली बाई, कुमारी माता, बदनाम झालेली बाई, यांच्या दुःखावर आपण पुष्कळ बोलतो. आज मला त्यांच्या स्वप्नांविषयी बोलायचं आहे. त्यासाठी एका कादंबरीतली बाई घेते.

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० साली प्रसिद्ध झाली. कथा १७ व्या शतकातल्या बॉस्टनची. हेस्टरचा वयस्क नवरा तिला पुढे पाठवतो. दोन वर्षं त्याचा पत्ता नसतो. तिला दुसऱ्या पुरुषापासून मूल होतं. तान्ह्या मुलीसह तिला भर बाजारात चबुतऱ्यावर उभं करतात. व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर लाल ‘ए’ हे अक्षर, तेही जन्मभर! मुलीचा बाप गावाचा लाडका तरुण धर्मगुरू. त्याचं नाव ती सांगत नाही, तोही पुढे येत नाही.

ती गावाबाहेरच्या झोपडीत भरतकाम करून पोट भरते. गव्हर्नरचे कपडे, बाळांची टोपडी, मेलेल्यांची कफनं, सगळ्यांवर तिचं भरतकाम चालतं. नवरीच्या वस्त्राला मात्र तिचा हात चालत नाही. पुढे ती आजाऱ्यांची सेवा करते, तेव्हा तेच गाव कौतुकाने ‘आमची हेस्टर’ म्हणू लागतं.

म्हणजे उपयोगी पडली म्हणून माफी मिळाली. पण तिला स्वतःला काय हवं होतं? सात वर्षांनी जंगलात धर्मगुरू भेटतो, तेव्हा ती अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते. दोघांनी मुलीला घेऊन दूर जायचं, हे तीच ठरवते. जहाजाची व्यवस्थाही तीच करते. तिला सोबत हवी होती, डाग नसलेलं आयुष्य हवं होतं. लेखक ते तिला देत नाही. धर्मगुरू चबुतऱ्यावर कबुली देऊन मरतो. हेस्टर परदेशी जाते, पण अखेर परत येऊन आपणहून तेच अक्षर लावते आणि दुःखी बायकांचा आधार बनते.

मला हा शेवट पुरत नाही. सोशिक, सेवाभावी बाई आपल्यालाही चटकन पटते. तीच बाई ‘मला पुन्हा लग्न करायचंय’, ‘मला नाच शिकायचाय’ म्हणाली की आपल्या गटातही कुजबूज होते. केंद्राच्या अर्जात पोटगी, निवारा, मुलांची शाळा यांचे रकाने असतात. ते हवेतच. त्यांच्याखाली आणखी एक रकाना घालू या: ‘तुला काय हवंय?’ आणि ती सांगेल ते, योग्य-अयोग्य न ठरवता, तिच्याच शब्दांत लिहून घेऊ या.