कापसाच्या तंतूतील बळ आणि प्लास्टिक



यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्या माणसाला कापूस म्हणजे काय हे सांगावयास नको. सरकी काढली की रुई, रुईचे सूत, सुताला सायझिंगमध्ये खळ, आणि मग माग. आपला व्यवहार येथे संपतो. परंतु रुईच्या एका तंतूच्या पोटात काय दडलेले आहे, आणि प्लास्टिकला बळकटी आणण्यासाठी त्याचा उपयोग कसा होतो, हे आज आपल्यापुढे मांडावे असा माझा विचार आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक, रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. जे वाचून समजले तेवढेच सांगतो.

१८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींतून जो पदार्थ वेगळा काढला, तोच सेल्युलोज. लाकूड, ताग, उसाची चिपाडे, कापूस या सर्वांत तो असतो. कापसात तर जवळजवळ सारा तोच. ग्लुकोजचे कण साखळीसारखे एकापुढे एक जोडले गेले की सेल्युलोज होते. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसून एक अतिसूक्ष्म तंतू बनतो. त्याची जाडी अवघी तीन-चार नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. या तंतूतील स्फटिकाचा ताठपणा पोलादाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, आणि वजन मात्र पोलादाच्या एक-पंचमांश.

आता कोणी म्हणेल, मग सरळ रुईच प्लास्टिकमध्ये कालवावी! पण प्लास्टिकवर आलेला भार तंतूकडे जातो तो तंतूच्या पृष्ठभागातून. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. १५ मायक्रोमीटर जाडीचा एक तंतू घ्या. त्याचे तितक्याच लांबीचे, पण हजारपट बारीक तंतू केले तर ते दहा लाख होतील, आणि सर्वांचा मिळून पृष्ठभाग हजारपट वाढेल. म्हणून हा खटाटोप.

तंतू फोडण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील आयटीटी रेयॉनियर या कंपनीत टर्बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा पातळ लगदा दूध एकजीव करण्याच्या यंत्रातून प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढला. लगद्याचे खिरीसारखे दाट द्रव्य झाले. हे काम १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे तोक्यो विद्यापीठातील साइतो आणि इसोगाई यांनी २००६ साली लगद्यावर आधी रासायनिक क्रिया करून फोडण्याचा त्रास पुष्कळच कमी केला.

खरी अडचण मात्र यापुढे सुरू होते, आणि ती आपल्या घरांतील माणसांना लवकर कळेल. सायझिंगमध्ये सुताला स्टार्चची खळ धरते ती का? स्टार्चही ग्लुकोजच्याच कणांचा बनलेला. दोघांनाही पाण्याची ओढ, दोघे एकाच कुळातले, म्हणून एकमेकांना चिकटतात. बादल्या आणि खुर्च्या ज्याच्या बनतात ते पॉलिप्रॉपिलीन तेलाच्या जातीचे. त्याचे आणि सेल्युलोजचे जमत नाही. तंतू कितीही बळकट असो, प्लास्टिकने त्याला धरले नाही तर ताण पडताच तो आतून निसटतो. शिवाय ते दाट द्रव्य म्हणजे बहुतेक पाणीच. ते वाळवावे तर तंतू एकमेकांना असे बिलगतात की पुन्हा सुटत नाहीत. कागद असाच तर बनतो!

क्योतो विद्यापीठातील यानो यांच्या गटाने यावर निराळा मार्ग काढला. लगदा आधी फोडावयाचाच नाही. त्याच्या पृष्ठभागावर प्लास्टिकशी जमेल असा रासायनिक बदल करावयाचा, आणि मग वितळलेल्या प्लास्टिकबरोबर मळताना तेथेच तो फुटू द्यावयाचा. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या मदतीने अशा भागांची एक मोटार तयार झाली. २०१९ च्या तोक्यो मोटार प्रदर्शनात ती ठेवली होती. वजन दहा टक्क्यांनी घटवावे, म्हणजे तेल कमी जळेल, हा हेतू.

दोन गोष्टी येथे स्पष्ट केलेल्या बऱ्या. सेल्युलोज मिसळले म्हणून पॉलिप्रॉपिलीन मातीत कुजू लागत नाही; तशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नये. आणि दोनशे अंशांच्या वर सेल्युलोज करपू लागते, त्यामुळे अधिक उष्णतेवर वितळणाऱ्या नायलॉनसारख्या प्लास्टिकमध्ये ते घालणे अवघड जाते. खर्चही अजून पुष्कळ येतो.

हे सारे दूर देशातच चालले आहे असे मात्र नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली स्थापन झालेली कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथे नॅनोसेल्युलोज बनविण्याचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारी आखूड लव.

पालकहो, दहावी झाली की मुलाला मागावर घ्यावयाचे, हा विचार बहुतेक घरांत याच दिवसांत होतो. घरची ओढ मला ठाऊक आहे. तिला मी नावे ठेवीत नाही. पण सूत हाताखालून गेलेले मूल या शास्त्रात कोरे जाणार नाही. याच माटुंग्यात १९३३ साली सुरू झालेली, पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे तंतू व वस्त्रप्रक्रिया आणि पॉलिमर हे दोन्ही विषय पदवीला शिकविले जातात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. अकरावीचा अर्ज भरताना गणित सोडू नये. मुलींनाही तेथे प्रवेश आहे. माहितीसाठी शाळा सुटल्यावर मला जरूर भेटावे.