गोळा ज्याच्या हाती, त्याची गाडी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दौंडच्या माणसाला रेल्वे शिकवावी लागत नाही. दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग कैक वर्षे एकेरी होता. एकेरी मार्गाचा जुना नियम असा, की दोन स्थानकांमधल्या टापूसाठी एका वेळी एकच टोकन यंत्रातून निघे. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जाई. पुढच्या स्थानकावर गोळा यंत्रात पडल्याखेरीज दुसरा निघत नसे.

संगणकातील माहितीचे कुलूप म्हणजे हाच गोळा. शिरूरचा प्रवासी मोबाईलवर आणि दौंडचा खिडकीवर एकाच क्षणी शेवटचा बर्थ मागतो. कुलूप नसेल तर दोघांनाही तो रिकामा दिसेल. म्हणून एकाचे काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवतात. नुसते वाचायचे असेल तर दहाजण एकदम वाचोत. लिहायचे असेल तर एकानेच.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसमध्ये शाळा, वर्ग, विद्यार्थी अशा वस्तू एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका मुलीचा पत्ता बदलण्यासाठी साऱ्या शाळेला कुलूप लावले तर काम ठप्प होईल. म्हणून कुलूप तिच्याच नोंदीला लावतात, आणि वर्गावर व शाळेवर ‘आत काम चालू आहे’ एवढी पाटी लावतात.

पण मी दौंडचे रजिस्टर धरून शिरूरचे मागितले आणि तुम्ही शिरूरचे धरून दौंडचे मागितलेत, तर दोघेही बसून राहू! यास डेडलॉक म्हणतात. तेव्हा यंत्र एकाचे अर्धे काम पुसून त्याला पुन्हा आरंभ करायला लावते. जिम ग्रे व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९७६ साली कुलपांचा नियम मांडला: एकदा कुलूप सोडू लागलात की नवे घ्यायचे नाही. ग्रे यांना १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

आता माझीच गोष्ट. एका वर्षी शिष्यवृत्तीची यादी मी व एका सहकाऱ्याने एकाच रात्री आपापल्या घरी तपासली. मी एका मुलीचा खाते क्रमांक सुधारला. सकाळी त्यांनी आपली प्रत चढवली आणि माझी दुरुस्ती पुसली गेली. मुलीचे पैसे अडले. दोघांनीही मन लावून काम केले होते. कुलूप तेवढे नव्हते.

तेव्हापासून यादी ज्याच्या हाती, त्याचे नाव आम्ही फळ्यावर लिहितो. पालकांनो, आपल्या मुलाची नोंद शेवटच्या यादीत स्वतः पाहा. विद्यार्थ्यांनो, हे शास्त्र शिका. उद्या अशा याद्या तुमच्याच हाती येणार आहेत.