पाण्यातील व्यायाम आणि ज्येष्ठ भगिनींची कंबरदुखी
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



नांदगाव परिसरातील ज्या भगिनींनी उभा जन्म तरवा काढण्यात, लावणी करण्यात आणि विहिरीवरून कळश्या वाहण्यात घालविला, त्यांची कंबरदुखी 'वयाचे दुखणे' म्हणून सोडून दिली जाते. आम्हांस हे मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पद्धतशीर व्यायामाची शिफारस आहे; कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन हे उपाय नेहमीसाठी करू नयेत, असेही सुचविले आहे.

परंतु दुखऱ्या कमरेने व्यायाम करावा कसा? येथे पाणी साहाय्यास येते. कमरेइतक्या पाण्यात पायांवरील भार सुमारे निम्मा होतो; छातीइतक्या पाण्यात तो साधारण एक-तृतीयांश उरतो. पडण्याची भीती कमी होते आणि पाण्याच्या विरोधामुळे स्नायूंना बळ मिळते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शांघाय येथील अभ्यासात ११३ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे पाण्यात व्यायाम करणाऱ्यांना यंत्रोपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला. ते रुग्ण बहुतांशी तरुण होते. म्हणून आपल्या ज्येष्ठ भगिनींच्या बाबतीत सावकाश व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पावले टाकावी लागतील. पायांत बधिरपणा, लघवीवरील ताबा सुटणे, ताप, अथवा पडल्यानंतरचे दुखणे असल्यास आधी तपासणी हवी.

राजापूरनजीक उन्हाळे येथील गरम झऱ्यावर स्नानास जाण्याची प्रथा आपणांस ठाऊक आहे. उष्ण पाण्याने आराम पडतो, पण स्नान म्हणजे व्यायाम नव्हे. मालवणचा समुद्र जवळ आहे. तथापि लाटा आणि उंचसखल तळ या वयास सोयीचे नाहीत. त्यासाठी छातीइतक्या खोलीचा, ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाचा, पायऱ्या व कठडा असलेला छोटा हौद लागेल. स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ, आटोपशीर पोशाख आणि महिला फिजिओथेरपिस्ट यांवाचून आपल्या भगिनी पाण्यात उतरणार नाहीत.

आता हिशेबाची बाजू. हौद बांधण्याचा खर्च एकदाच होतो. पाणी तापविणे, क्लोरीन, पाण्याची तपासणी आणि वेतन हा खर्च दरमहा होतो. कोनशिलेवर देणगीदाराचे नाव कोरता येते, क्लोरीनच्या पिंपावर येत नाही. म्हणूनच आमची विनंती अशी, की आधी कायम ठेव निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातून चालू खर्च भागेल अशी खात्री झाल्यावरच बांधकामास हात घालावा. अर्ध्यावर बंद पडलेला हौद कोणाच्याच कामाचा नाही. तोपर्यंत चालणे आणि जमिनीवरील सोपे व्यायाम सुरूच राहावेत. लाभ मुख्यतः नियमितपणाचा आहे.

ज्यांच्या कष्टावर आपली घरे उभी राहिली, त्यांना उतारवयात ताठ उभे राहता यावे, एवढीच ही मागणी आहे. आपले सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.